मर्यादेतली धूळ

डाग काही केल्या जात नव्हता. वहिनीने सोडा टाकला, कढत पाणी ओतलं, ब्रशने घासून घासून हाताचे तुकडे पाडले, तसा तो आणखीच उठून दिसायला लागला. जांभळट, वांग्याच्या सालीसारखा.

बावीस वर्षं धुलाईघरात काढलेल्या बाईला कपड्यावरून माणूस कळतो. बाहेरच्या माळावरची धूळ पिवळी, एका पाण्यात निघून जाते. ही धूळ वेगळी होती. तिसरी खाण सुरू झाली तेव्हापासून ती यायला लागली, आणि यायची ती फक्त गाळणघरातल्या सहा बायकांच्या डगल्यांवर. या ग्रहावर वस्तीच्या छपराखाली जी हवा घ्यायची ती बाहेरून जाड कापडी गाळण्यांतून आत येते. त्या गाळण्या उतरवायच्या, झटकायच्या आणि परत चढवायच्या, हे या सहा जणींचं काम. त्यांतली सगळ्यात धाकटी म्हणजे वहिनीची नणंद.

सासूबाई गेल्या तेव्हा ही पोर अकरा वर्षांची होती. पुढे वहिनीचा नवराही पहिल्या खाणीत दगावला, आणि दोन खोल्यांच्या घरात या दोघीच उरल्या. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. यांचं फक्त खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरूनच वाजायचं.

चार महिने झाले, नणंद खोकत होती. आधी सकाळी, मग दिवसभर. डगल्याच्या बाहीवर आता जांभळ्याबरोबर तपकिरी ठिपकेही दिसायला लागले होते. ते कसले, हे वहिनीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कुणाला सांगितलंस का?" वहिनीने विचारलं.

"मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, धूळ मोजायचं यंत्र हिरवं दाखवतंय."

त्या ग्रहावर राज्य तीस जणांच्या सभेचं. पंधरा शास्त्रज्ञ, पंधरा वकील. पहिली जहाजं उतरली तेव्हाच थोरामोठ्यांनी ठरवून टाकलं होतं की शास्त्रज्ञ खोटं मोजणार नाही आणि वकील अन्याय होऊ देणार नाही, तेव्हा बाकीच्यांनी निर्धास्तपणे आपापलं काम करावं. बाकीच्यांनी ते केलं. आता तीन पिढ्या झाल्या, आणि सभेत एकही माणूस असा नव्हता ज्याने आपला कपडा आपल्या हाताने पिळला असेल.

वहिनी तो डगला पिशवीत घालून सभेच्या इमारतीत गेली. लांब बोळ, डावीकडे मोजणी विभाग, उजवीकडे कायदा विभाग, दारं अगदी समोरासमोर. मोजणी विभागाचे साहेब बोलायला मऊ होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, डगला बघितला, आणि तक्ता काढला.

"गाळणघरातली धूळ मर्यादेत आहे. हे बघा, रोजची नोंद."

"यंत्र कुठे बसवलंय, साहेब?"

"दरवाज्याच्या वर. नियमाप्रमाणे."

"बायका आत गाळण्या झटकतात. नाकाशी धूळ येते ती तिथे. दाराच्या वर कोण श्वास घेतं?"

साहेब जरा हसले. "तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण यंत्राची जागा नियमात लिहिलेली आहे. नियम बदलणं समोरच्यांचं काम."

समोर वकीलबाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नियम बदलायचा तर आधी धोका सिद्ध व्हायला हवा. ते मोजणी विभागाचं काम."

"त्यांनीच मला इकडे पाठवलंय."

"मग त्यांनी लेखी द्यावं."

"आणि हा डाग? बावीस वर्षांत मी असा डाग पाहिला नाही."

"धुलाईघर हे मान्यताप्राप्त मोजमापाचं साधन नाही, बाई."

वहिनी त्या बोळातून अकरा वेळा इकडून तिकडे गेली. प्रत्येक वेळी खुर्ची मिळाली, प्रत्येक वेळी सगळ्यांनी अदबीने हात झटकले. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं, असं तिला वाटायचं. निदान भांडता आलं असतं.

मग एक दिवस नणंद गाळणघरातच कोसळली. दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर त्याच सहा जणींतली एक आजी होती, आठवडाभर आधी आणलेली. डॉक्टरने कागदावर लिहिलं, 'कारण अनिश्चित'.

"तुम्हाला कारण माहीत नाही?" वहिनीने विचारलं.

डॉक्टरने दाराकडे बघितलं. "माहीत आहे. पण धूळ मर्यादेत असताना धूळ असं लिहिता येत नाही. आणि कारण लिहिल्याशिवाय वरचं, सभेच्या मंजुरीने येणारं औषध मिळत नाही."

त्या क्षणी वहिनीच्या डोक्यात जी तिडीक गेली ती घरी येऊन, भांडी घासून, खोली झाडूनही उतरली नाही.

दोन दिवसांनी सभेचं अधिवेशन होतं. शास्त्रज्ञांचे पंधरा पांढरे कोट आणि वकिलांच्या पंधरा पांढऱ्या गळपट्ट्या दर वेळी धुलाईघरात यायच्या, तशा आल्या. वहिनीने हौदात आधी गाळणघराचे सहा डगले भिजवले. मग त्याच पाण्यात, त्याच सोड्यात, ते सगळं पांढरं टाकलं. बाकीच्या धोबिणी बघत राहिल्या. एकीने फक्त विचारलं, "वहिनी, शुद्धीवर आहेस ना?"

"आजच आलेय," वहिनी म्हणाली.

कपडे तिने कडक इस्त्री करून, घडी घालून, स्वतः नेऊन दिले. घडीत डाग दिसत नव्हते. अंगावर चढले तेव्हा दिसले. जांभळे ओघळ, खांद्यापासून खालपर्यंत. सभागृहात एकच कुजबुज उठली आणि वहिनीला बोलावणं आलं.

"हे काय आहे?" मोजणीसाहेबांनी विचारलं. आज त्यांचा आवाज मऊ नव्हता.

"धूळ आहे, साहेब. गाळणघरातली. मर्यादेतली."

साहेबांनी कोट असा उतरवला जणू अंगाला इंगळ्या डसत होत्या. पाठोपाठ बाकीच्यांनीही उतरवले. दुपारपर्यंत यंत्र दाराच्या वरून खाली आलं, नाकाच्या उंचीवर लागलं, आणि संध्याकाळच्या आत अहवाल तयार झाला. अकरा फेऱ्यांत जे झालं नाही ते अर्ध्या दिवसात झालं. हे ऐकून वहिनीला आनंद व्हायला हवा होता. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खटला मात्र तिच्यावर भरला गेला. सभासदांच्या जीविताला धोका पोचवल्याचा. पुरावा म्हणून मोजणी विभागाने तोच अहवाल जोडला: ही धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसं निकामी होतात, माणूस दगावतो.

तिच्या बाजूने नेमलेला तरुण वकील हुशार होता. तो धावतच आला. "वहिनी, तुम्ही सुटणार. सोड्यात बसलेल्या डागातून धूळ उडत नाही. धुतलेल्या कपड्यातून कुणाच्या श्वासात काही गेलेलंच नाही. हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं. म्हणून तर केलं. कुणाला मारायचं नव्हतं मला."

"झालं तर. उद्या मी हे मांडतो."

"मी सुटले, तर तो अहवाल कुठे जाईल?"

"खटलाच टिकला नाही तर त्यातली कागदपत्रं बाद. मोजणीवाले म्हणतील, घाईत केलेली पाहणी होती."

"आणि मला शिक्षा झाली तर?"

"तर तो अहवाल सिद्ध झाला. कायमचा. मग गाळणघर आहे तसं ठेवता येणार नाही."

"मग नको मांडूस," वहिनी म्हणाली. तो बराच वेळ वाद घालत बसला. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

न्यायासनावर तिघे होते, तिघेही सभेतलेच. गुन्हा कबूल आहे का, असं त्यांनी विचारलं.

"कबूल आहे. पण काय कबूल करतेय ते आधी मोठ्याने वाचून दाखवा."

वाचावं लागलं. धूळ जीवघेणी आहे, हे सभेची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंनीच आपल्या तोंडाने वाचलं. वाचता वाचता आपण काय मान्य करतोय ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण शेवटच्या ओळी त्यांनी फार हळू वाचल्या.

"हीच धूळ सहा बायकांनी चार महिने घेतली," वहिनी म्हणाली. "त्यांच्या जीविताला धोका कुणी पोचवला?"

"तो या खटल्याचा विषय नाही," मधले न्यायाधीश म्हणाले.

शिक्षा झाली ती दीड वर्ष छपराबाहेरच्या ठाण्यावर, आणि धुलाईघरातली जागाही गेली. दुसऱ्याच दिवशी गाळणघराला कुलूप लागलं. झटकायचं काम यंत्राकडे गेलं. नणंदेच्या कागदावर 'धूळ' असं लिहिलं गेलं आणि वरचं औषध सुरू झालं. महिनाभरात ती उठून बसली. जिना मात्र तिला आता एका दमात चढता येत नाही, यायचाही नाही, असं डॉक्टर म्हणाला.

शेजारच्या खाटेवरची आजी निकालाच्या दोन दिवस आधी गेली होती. तिच्या कागदावर अजून 'कारण अनिश्चित' होतं. वहिनीची ठाण्याची गाडी दोन महिन्यांनी निघायची होती. त्या दिवशी ती तो कागद घेऊन नोंदणीच्या खिडकीशी उभी राहिली.

"निकालाच्या आधीच्या मृत्यूंना तो लागू नाही," आतला कारकून म्हणाला.

"निकालाच्या आधी धूळ वेगळी होती का?"

"मला काय विचारता, बाई? नियम आहे."

"तुलाच विचारते. इथे दुसरं कोण आहे?"

कारकुनाने कागद खिडकीतून परत सरकवला. वहिनी समोरच्या बाकावर बसली. गाडीची वेळ झाली, शिपाई आले, तरी उठली नाही. शेवटी दोघांनी दंडाला धरून तिला उठवलं. कागद बाकावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तेव्हा त्या बाकावर नणंद बसलेली होती, धापा टाकत, तोच कागद मांडीवर घेऊन. तिसऱ्या दिवशी उरलेल्या चौघीही आल्या. अजून रोज येतात. कारकून त्यांना पाणी आणून देतो. कागद बदललेला नाही.