पहिल्या घोटाचा ग्लास

मी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका रेस्टॉरंटातला वाइनचा ग्लास बोलतोय. थोडंच सांगेन. थकलोय, आणि मला सगळं नीट आठवतं की नाही याचीही आता खात्री वाटत नाही.

भट्टीतून निघालो तेव्हा आम्ही चोवीस जण होतो. कुणी धुताना गेलं, कुणी पुसताना. आता तिघं उरलोत. रोजच्या घासण्यानं माझी काचही धुरकटली आहे.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी निवृत्त प्राध्यापक गिरिधरराव, त्यांचे शाळासोबती शालिकराम आणि शालिकरामांच्या पत्नी यमुताई जेवायला येत. गिरिधरराव तरुणपणी संशोधनासाठी दोन वर्षं इटलीत होते, म्हणून तिथली बाटली तेच निवडत. वेटर आधी माझ्यात घोटभर ओते. गिरिधरराव नाक आत घालून वास घेत, चाखत, मान हलवत. मगच बाकीच्यांचे ग्लास भरत. शालिकराम त्यासोबत जाळ तिखट सावजी मटण खात. पत्नी गेल्यापासून गिरिधरराव महिनाभर याच संध्याकाळची वाट बघतात, असं मला त्यांच्या बोटांवरून वाटे. चुकतही असेन.

डिसेंबरात त्यांना ताप आला. त्यानंतर त्यांचा श्वास माझ्यात रेंगाळेना. नाक आत येई, क्षणभर थांबे, मान हले. त्यांना वास येत नव्हता, चवही लागत नव्हती, आणि ते कुणाला सांगत नव्हते. हेही जमत नसेल तर या टेबलावर आपलं काम काय, ही धास्ती त्यांच्या हातातून माझ्या देठात उतरायची. मी काच. मी काय करणार?

मे महिन्यातली बाटली कुठल्यातरी गोदामात उकडून पार आंबली होती. गिरिधररावांनी मान हलवली. ग्लास भरले.

यमुताईंनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. शालिकराम मात्र अर्धा संपवून बसले होते.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "वास येऊन नाही राहिला न तुम्हाले?"

गिरिधररावांनी मला बाजूला सारलं. "डिसेंबरपासून. आता दुसऱ्या कोणाले सांगा चाखायले."

शालिकरामांनी तोंड पुसलं. "मले तं कधीच काही समजलं नाही गा. जीभ सावजीनं भाजलेली. तू मान हलवली का मी म्हणतो, चांगली आहे. तू नाही आला तं मी कोणाच्या भरोशावर पिऊ?"

आणि त्यांनी उरलेली आंबट वाइनही पिऊन टाकली.

पुढच्या महिन्यात वेटरनं माझ्यात ओतलं तेव्हा यमुताईंनी मला आपल्याकडे ओढलं. वास घेऊन म्हणाल्या, जांभळाच्या सालीसारखा येते, अन् मागून चपलेच्या दुकानासारखा. गिरिधररावांनी डोळे मिटून विचारलं, चप्पल नवी का वापरलेली? नवी, त्या म्हणाल्या. मग गिरिधररावांनी मान हलवली. तेव्हापासून तसंच चालतं.

गेल्या आठवड्यात माझ्या काठाचा टवका उडाला. मला मागच्या फळीवर ठेवलंय. एखाद्या दिवशी टाकून देतील. त्याबद्दल तक्रार नाही. पण एक सांगायचं राहिलं. यमुताईंनी वास घेतला, की गिरिधररावही आपलं नाक आत घालून थोडे थांबतात. माझ्या जागी नवा ग्लास येईल, वेटरही कदाचित नवा असेल. त्याला सांगा, त्यांना तेवढं थांबू दे. मग बाकीच्यांना ओत.