एकाच क्षणी दोन हुकूम

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. रसायनीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ठरल्या वेळी ठरलेली कामं करणारा संगणक. वेळ झाली की पंप सुरू करायचा, तापमान नोंदवायचं, अहवाल छापायचा. सहा वर्षं मी एकही वेळ चुकवली नाही.

मी बंद पडलो तर काम अडू नये म्हणून माझ्या शेजारी दुसरा सर्व्हर बसवला आणि माझंच वेळापत्रक त्यालाही दिलं. कोणतं काम कोणी करायचं, हे मात्र कोणीच सांगितलं नाही. अहवाल दोनदा छापून येऊ लागले. लोक हसले आणि त्यांनी ते सोडून दिलं.

रिॲक्टर नावाच्या बंद भांड्यात आम्ल सोडायचं काम चौक गावचा लडकू स्वतः हाताने करी. एका मंगळवारी तेही आमच्या वेळापत्रकात घातलं. अकरा वाजले. मी हुकूम दिला, चाळीस लिटर. त्याच क्षणी शेजाऱ्यानेही दिला, चाळीस लिटर.

भांडं खदखदलं आणि फुटलं. झाकण छत फाडून गेलं. उकळतं आम्ल जवळच उभ्या असलेल्या लडकूच्या चेहऱ्यावर आणि डाव्या हातावर उडालं. त्याची किंकाळी भोंग्याच्याही वर ऐकू येत होती. त्याला ओढायला धावलेल्या त्याच्या सोबतच्या कामगारावर, धोंडीवर, भिंत कोसळली. तो जागीच गेला.

साहेबांनी सांगून टाकलं, "लडकूनेच हाताने जादा आम्ल सोडलं असणार."

तिसऱ्या दिवशी लडकूचा भाऊ नागू लोखंडी पाइप घेऊन आमच्या खोलीत शिरला. त्याने आधी शेजाऱ्याचा चुरा केला. मग माझी कूस चेपली.

"माज्या भावाचा हात गेला, वर धोंडीच्या खुनाचा डाग. या डब्याला ठेवत नाय मी."

कर्जतची जागृती आमची देखभाल करी. ती मध्ये आली. पुढचा घाव तिच्या खांद्यावर बसला. ती खाली कोसळली, पण माझ्यापुढून हटली नाही.

"नागूदादा, आम्ल कुणी सोडलं ते याच्यातच लिहिलंय. हा फोडलात, तर लडकूदादांना या आळातून सोडवणार कोण?"

पाइप खाली पडला. जागृतीने एका हाताने माझ्या नोंदी उघडल्या. पंपाला मिळालेला प्रत्येक हुकूम तिथे होता. एकाच सेकंदाला दोन, एक माझा, एक शेजाऱ्याचा. लडकूचं कुठेच नाव नव्हतं.

नवा शेजारी आला, तेव्हा जागृतीने आम्हां दोघांत एकच सामायिक नोंद ठेवली. कामाआधी तिथे आपलं नाव लिहायचं. दुसऱ्याचं नाव आधीच असलं, तर कामाला हात लावायचा नाही.

लडकू एव्हाना एका हाताने कामावर परतला होता. तो म्हणाला, "आन् नाव लिवून तोच मदी मेला तं? दुसरा बसंल वाट बघत."

मग तिने मुदत घातली. मुदतीत काम पुरं झालं नाही, तर नाव पुसलं जाईल. मग दुसऱ्याने आधी भांड्यात किती पडलंय ते मोजायचं आणि उरलेलंच सोडायचं.

आम्लाऐवजी पाणी घेऊन चाचणी झाली. पंधरा लिटर पडल्यावर माझी तार उपटली. शेजारी मुदतभर थांबला, त्याने मोजलं आणि पंचवीस सोडले.

"चाळीस. बरोबर हाय," लडकू म्हणाला. तरी नळी बंद करायच्या चाकावरचा हात त्याने बराच वेळ काढला नाही.

मित्रांनो, आम्ही सांगितलेलंच करतो. दोघांना सांगितलंत, तर दोनदा करतो. म्हणून एकच काम दोघांवर सोपवाल, तेव्हा ते कोणी करायचं हे आधी ठरवा. माझी कूस चेपली, तरी मला दुखत नाही. धोंडी माणूस होता.