उन्नतीच्या नोकरीची जाहिरात

मित्रांनो, भय्याजींनी माझी काय दैना केली ती आधी ऐका. नोकरी मागायला निघालेलीला कोणी मुंडावळ्या बांधतं का? यांनी बांधल्या. वर चारचौघांत मिरवलं!

मी एक जुनी जाहिरात आहे. कागदावरची नाही, नोकऱ्यांच्या वेबसाइटवरची. हुडको वसाहतीतल्या भय्याजींची मुलगी उन्नती कायरोप्रॅक्टर आहे, म्हणजे हातांनी दाबून, वळवून ती लोकांचे आखडलेले मणके आणि सांधे मोकळे करते. स्वतःचा दवाखाना टाकण्याआधी तिला कोणा जाणत्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं होतं. अशा जागा आमच्याकडे फार थोड्या. हात असाच रिकामा राहिला तर शिकलेलं निघून जाईल, ही तिची धास्ती.

भय्याजी इथल्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले. म्हणाले, "तू कायले तरास घेतं? मी लिवतो ना." आयुष्यात पुतण्या-भाच्यांचे लग्नाचे बायोडाटाच तेवढे लिहिलेले, तसंच मलाही लिहिलं. रंग गोरा, स्वभाव मनमिळाऊ, वडील प्लांटात हेडक्लार्क होते, मामा नागपूरला. फोटो शालूतला आणि खाली फोन नंबर स्वतःचा. मणक्यांचं नाव पार तळाशी, वाट चुकून आल्यासारखं.

फोन पुष्कळ आले. सगळे मुलांच्या आयांचे. दवाखान्यातून एकही नाही. पुढे फोनही थांबले आणि मी वेबसाइटवर मागे मागे पडत गेले.

मग एका दुपारी रायपूरच्या, मणक्यांच्याच डॉक्टर मृणालबाईंचा फोन आला. नाव सांगून जाहिरात पाहिली, एवढंच त्या म्हणाल्या, तोच भय्याजींनी विचारलं, "पयले सांगा, पोरगा काय करते?"

"माझा? तो सातवीत आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

जेवताना भय्याजी हसत सुटले. "सातवीतल्या पोराले बायको पाहून राहिली! काय जमाना आला."

"कोण होती?"

"कोणी डॉक्टर मृणाल."

उन्नतीच्या हातातला घास ताटात पडला. "बाबा, त्याइच्याच दवाखान्यात जायचं होतं मले! मले नवरा नाही पायजे, काम पायजे."

भय्याजी भात उगाच कालवत बसले. 

उन्नतीने ताट सरकवलं आणि मला नव्याने लिहिलं. पाठ, मान, खांदा यांतलं काय चांगलं जमतं, कोणत्या रोग्याला आधी एक्स-रे काढायला पाठवते, काय अजून शिकायचं आहे. मराठी, हिंदी, छत्तीसगढी बोलते, रोज ट्रेनने येऊ शकते. पांढऱ्या कोटातला फोटो, स्वतःचा नंबर. मी अंगाने निम्मी झाले, पण पहिल्यांदाच माझ्याजवळ काही सांगण्यासारखं होतं. तिने मला मृणालबाईंकडे धाडलं, सोबत माफीही मागितली. बाईंनी मला वाचलं, आधी हसल्या आणि मग तिला बोलावलं. आता उन्नती सकाळी डबा घेऊन निघते.

मित्रांनो, जाहिरात लिहाल तर त्यात माणसाचं काम दिसू द्या. आणि ते काम मिळालं की बिचारीला उतरवून ठेवा. उगाच टांगून ठेवू नका. आमचे भय्याजी अजून म्हणतात, "राहू दे ना, एखांदं बरं स्थळ आलं तर!" म्हणून आज त्यांना तोंडावर सांगते:

"भय्याजी, पोरीची ओळख पोरीलेच लिवू द्या. तुमी चष्मा पुसा आन् वाचा."