तापाने गेलेला

"कुणी पाठवलं तुला?" शिलाई मशीनवरचा पाय न थांबवता काकूंनी विचारलं.

दारातली मुलगी घामाघूम झाली होती. "विद्यापीठातून आलेय, काकू. लढाईच्या काळात कुठल्या साली किती माणसं गेली, ते घरोघर विचारतोय. नाव कुणाचंच लिहीत नाही."

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. नाव नको, पण दार तर कळलं! मागे असेच दोघं गोड बोलत कोपऱ्यावरच्या सुताराकडे आले होते. मुलगा गोळीने गेला, असं तो भाबडेपणाने बोलून बसला. आठवड्याच्या आत घराची झडती झाली आणि त्याच्या धाकट्यालाही उचलून नेलं. तेव्हापासून काकूंनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्यांनी मुलीला मुद्दाम खिडकीसमोर बसवलं, चेहरा नीट दिसावा म्हणून. तिच्या चपला झिजलेल्या होत्या. पण झिजलेल्या चपला काय, मुद्दामही घालता येतात.

"या घरातलं कोण गेलं, काकू?"

"माझा मुलगा. सात वर्षं झाली. तापाने."

स्वयंपाकघरात सुनेच्या हातातली पळी थांबली. जमिनीवर अभ्यास करत बसलेली नात मात्र लगेच म्हणाली, "बाबांना खूप ताप होता. आजी कपाळावर पट्ट्या ठेवत होती. शेवटी त्यांनी माझी पापी घेतली. हो ना गं, आजी?"

काकूंनी मान हलवली. झडतीवाल्यांसाठी रचलेली गोष्ट पोरीने विचारून विचारून केवढी वाढवून घेतली होती!

मुलीने काहीतरी लिहिलं आणि ती उठली. काकूंना हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. एवढ्यावर समाधान झालं हिचं?

"काय लिहिलंस?"

"आजारपण."

"मग तुमच्या त्या लढाईच्या आकड्यात तो नाही?"

"नाही. आजाराने गेलेले वेगळे."

"म्हणजे ह्यांना कुणी मारलंच नाही, असं झालं," सून दारातून म्हणाली. आवाज अगदी हळू होता.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग नातीकडे. पोरीला बाहेर पाठवावं असं मनात आलं, पण तोवर तोंडून निघून गेलं होतं.

"खोड ते. गोळी घातली त्याला. दुकानाच्या रांगेत, भर दुपारी. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं."

मुलीने खोडून पुन्हा लिहिलं. "येते," एवढंच म्हणाली. ती जाते कुठे, कुणाला भेटते, ते बघायला काकू दारापर्यंत गेल्या. ती शेजारची कडी वाजवत होती.

त्या वळल्या तेव्हा नात उभी होती.

"आजी, आजोबा कसे गेले?"

"अगं, म्हातारे झाले होते ते. झोपेतच गेले."

"खरंच?"

"तुझी शपथ, बाळा."

नातीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग ती स्वयंपाकघराकडे वळली.

"आई, तू सांग."