तासाचे अकरा डॉलर

सत्तरी उलटल्यावर माणूस नवं काही शिकला, की आजूबाजूच्यांची धडगत नसते. लव्हॉन स्टकीचं तेच झालं. लास वेगासमध्ये तीस वर्षं शाळेची बस चालवून ती निवृत्त झालेली. व्हिडिओ पोकर ती आधीही खेळायची, पण मनाला येईल तसं. त्या उन्हाळ्यात हार्लनने तिला त्यातलं शास्त्र शिकवलं. हार्लनने उभा जन्म कॅसिनोत पत्ते वाटण्यात घालवला होता, आणि आता तो तिथे फक्त न्याहारीला यायचा. मशीनने पाच पत्ते दिले की कुठले ठेवायचे आणि कुठले टाकून नवे घ्यायचे, ते त्याने सांगितलं आणि तिने तळहाताएवढ्या कार्डावरून तोंडपाठ केलं. जेवतानासुद्धा कार्ड ताटाशेजारी.

"निम्मा खेळ बोटांत, निम्मा पायांत," हार्लन म्हणायचा. "आधी हिंडून मशीनच्या काचेवरचा दर वाच. पत्त्यांचं फुल हाउस जुळलं तर नऊ पट आणि फ्लश जुळला तर सहा पट पैसे मिळत असतील तरच बूड टेक. आठ-पाच दिसलं की चालू लाग."

आता नेडीनबद्दल सांगायला हवं. नेडीन ट्रुहियो लव्हॉनच्याच वस्तीत, चार घरं सोडून एकटी राहायची. एकदा चक्कर येऊन पडली, तेव्हापासून डॉक्टरांनी तिची गाडी बंद केली होती. रोज दहाला लव्हॉन तिला घ्यायला यायची. मग कॅसिनोत अंडी, बटाटे आणि कॉफी, आणि दुपारपर्यंत शेजारशेजारची दोन मशीन. अकरा वर्षं हा नेम चुकला नव्हता.

नेडीनचं खेळणं म्हणजे एक डाव, मग बहिणीच्या सुनेची एक तक्रार, मग कॉफीचा घोट, मग पुढचा डाव. पूर्वी लव्हॉनही तशीच खेळायची. पण आता तिच्या डोक्यात कार्ड होतं.

"दोन दश्श्या आल्यात ना? मग एक्का कशाला धरून ठेवलास? टाक तो."

"असू दे गं सोबतीला. तुझं काय खातोय?"

"त्याच्यापायी तुला तीनऐवजी दोनच नवे पत्ते मिळतात. अकरा वर्षं खेळतेस आणि एवढं कळत नाही? शेंबडं पोर पण हे करणार नाही."

पलीकडच्या मशीनवरचे दोघे हसले. नेडीनने एक्का टाकला आणि मग बराच वेळ सुनेचं नाव काढलं नाही.

त्याच दिवशी लव्हॉनने पहिल्यांदा काच नीट वाचली. आठ-पाच. दोन्ही मशीन आठ-पाच.

"आपण इथे मूर्खासारख्या बसतोय, नेडीन."

"मग नको बसूस," नेडीन म्हणाली.

रागाच्या भरात बोललेलं खरं धरायचं नसतं, पण लव्हॉनने ते सोयीचं म्हणून खरं धरलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कॅसिनोत तिला नऊ-सहाचं मशीन सापडलं. 'तुला एवढ्या लांब कशाला दगदग,' असं नेडीनला ऐन सकाळी फोनवर सांगून ती एकटी जाऊ लागली. तिचा हिशोब चोख होता. तिच्या वेगाने खेळलं तर जुन्या मशीनवर तासाला अकरा डॉलर जास्त जायचे. ते आता वाचत होते.

एका सकाळी तिला चार राण्या आल्या. "बघ, बघ," म्हणत ती डावीकडे वळली. तिथे कानांत इअरफोनची बोंडं घातलेला एक परका माणूस होता. त्याने मानही वळवली नाही. चार राण्यांचा आनंद पुढच्या डावापर्यंतसुद्धा टिकला नाही, आणि तिला स्वतःची चीड आली.

आठवड्याने हार्लन भेटला, तेव्हा तिने आपली हुशारी सांगितली.

"तासाला किती डाव खेळतेस?" त्याने विचारलं.

"चारशे."

"आणि तुझी ती मैत्रीण?"

"ती? सत्तर झाले तरी पुष्कळ. बोलण्यातच वेळ जातो तिचा."

हार्लन हसला. "मग ती आठ-पाचवर चुकत-माकत खेळून तुझ्याएवढंच हरते, फार तर डॉलरभर जास्त. गप्पा मारणारा कमी हरतो, बाई. हे कार्डावर छापत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दहाला लव्हॉन नेडीनच्या दारात गेली. नेडीन पायरीवरच बसली होती, ओठांना रंग लावून, मांडीवर पर्स घेऊन.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही."

"मग ही तयारी?"

"दहा वाजले की होते. सवय."

"रोज? हे दोन आठवडे?"

नेडीनने मान हलवली.

"मी तुला चारचौघांत वाट्टेल ते बोलले. चुकलं माझं. आणि दरावरून उगाच तमाशा केला."

"दर मला माहीत होता," नेडीन म्हणाली. "बदलला त्या दिवसापासून. सतरा वर्षं तिथे सफाईला होते, तिथल्या काचा मी पुसल्यात. काचेवर काय लिहिलंय ते मला दिसणार नाही?"

"मग बोलली का नाहीस? दुसरीकडे गेलो असतो."

"तू गेली असतीस. आणि बघ, गेलीसच."

लव्हॉन खाली मान घालून उभी राहिली.

"चल, भूक लागलीय," नेडीनच शेवटी म्हणाली. "फक्त एक कर. परत कधी दुसरीकडे जावंसं वाटलं तर खुशाल जा, पण मला आदल्या दिवशी सांग. म्हणजे मी उगाच तयार होऊन बसणार नाही."

लव्हॉनने तिला हाताला धरून उठवलं, आणि गाडीपर्यंत तो हात सोडला नाही.