चपला काढून ऐका

"अहो, चपला काढा!"

वहिनी एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की भिंतीवर टांगलेल्या गिटारींनीसुद्धा दचकून हुंकार भरला. दादांनी निमूट चपला काढल्या, मोजे काढून खिशात कोंबले आणि दुकानाच्या फरशीवर अनवाणी उभे राहिले. पाय जरा फाकवून, डोळे मिटून. हलत्या बोटीवर माणूस उभा राहतो ना, तसे.

दुकानाची मालकीण बघतच राहिली. "काकू, आमच्याकडे चपला घालून आलं तरी चालतं हो."

"तुम्हाला चालतं. त्यांना ऐकू यायला नको का?"

दादांचं सगळं आयुष्य पत्र्याच्या कारखान्यात गेलं. पत्रा ठोकणाऱ्या मशीनशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान त्यांच्याआधीच निवृत्त झाले. आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द आत जायचा, बाकीचे दारातच ताटकळत राहायचे. पण वहिनींची बेस गिटार मात्र त्यांना ऐकू यायची. चार जाड तारांचं ते लांबलचक वाद्य, त्याचा खालचा सूर कानात नाही शिरला तरी जमिनीतून यायचा आणि दादांच्या तळव्यांतून वर चढायचा. म्हणून आज गिटारचा आवाज मोठा करणारा नवीन अँप घ्यायचा तर पसंती कोणाची? दादांच्या तळव्यांची.

वहिनींनी पहिल्या अँपला वायर जोडली आणि जाड तार छेडली.

"मुंगी चालली," दादा म्हणाले.

दुसरा जोडला.

"गुडघ्यापर्यंत आला. पण तिथंच बसला."

तिसरा अँप कोपऱ्यात होता. कपाटाएवढी पेटी, आत परातीएवढा स्पीकर. वहिनींनी खालच्या सुराचं बटण पिळून पिळून शेवटाला नेलं आणि तार ओढली. काउंटरवरची पेनं लोळत लोळत खाली पडली. दादांनी खाडकन डोळे उघडले.

"पोटात आला! अगं, पार छातीपर्यंत आला! हाच!"

मालकीण पेनं गोळा करता करता म्हणाली, "काकू, एक सांगू? कोपऱ्यात, एकटा वाजवला की कुठलाही अँप गोड लागतो. चौघांत वाजवून बघा आधी. हवं तर—"

"गोड लागतो ना? मग द्या बांधून."

उत्साहाच्या भरात माणसाला अर्धंच वाक्य ऐकू येतं. त्याला बहिरं असावं लागत नाही.

घरी आल्यावर वहिनींनी ती पेटी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवली आणि चार दिवस नुसता धुमाकूळ घातला. दिवसा त्या लाँड्रीत कामाला असायच्या. मोठाल्या मशीनमध्ये हॉस्पिटलच्या चादरी घालायच्या, काढायच्या, घड्या करायच्या. संध्याकाळी घरी आल्या की चहासुद्धा न पिता गिटार गळ्यात. मग काय विचारता! शेजारणीच्या फळीवरची भांडी एकामागून एक चालत टोकाशी यायची आणि खाली वाकून बघायची. समोरच्या घरातलं कित्येक वर्षं बंद पडलेलं घड्याळ चालू झालं, आणि वेळसुद्धा बरोबर दाखवायला लागलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या पाठीत जुनी उसण भरली होती, ती परवा एका सुरात सुटली म्हणे. आजोबा स्वतः जिना उतरून आभार मानायला आले. खोटं वाटत असेल तर शेजारणीला विचारा. ती अजून झाकणं शोधतेय.

आणि दादा? दादा खुर्चीत बसून, अनवाणी पाय जमिनीला घट्ट टेकवून, राजासारखे डोलायचे.

पण बँडमध्ये मात्र वेगळंच शिजत होतं.

बँड म्हणजे चार माणसं. गाणारे आणि सगळ्यांवर डाफरणारे धाकटे भाऊजी, म्हणजे दादांचा सख्खा भाऊ. ड्रम बडवायला बेकरीवाला. कीबोर्डवर शाळेतले मास्तर. आणि बेसवर वहिनी. दर रविवारी दुपारी हॉलमध्ये लोक नाचायला यायचे आणि हे चौघं वाजवायचे. आता झालं होतं असं की वहिनींचा जुना अँप घोरायला लागल्यापासून त्यांचा बेस कुणाला ऐकूच येत नव्हता. नाचणाऱ्यांचे पाय चुकायचे. तेव्हा भाऊजींनी सरळ सांगून टाकलं होतं, "वहिनी, रागावू नका. या रविवारी बेस नीट ऐकू आला तर ठीक. नाहीतर मास्तरांचा डावा हात रिकामाच असतो. तो वाजवेल खालचे सूर. तुम्ही समोर बसा आरामात, टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजवा! वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा भाऊजींना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. बँड काढला तेव्हा पहिला सूर वहिनींचा. आणि आता मास्तरांचा डावा हात!

म्हणून तर नवीन अँप.

शुक्रवारी तालमीला वहिनी पेटी घेऊन हॉलमध्ये शिरल्या त्या नवरीसारख्या मिरवत. पेटी जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात. खालचं बटण पूर्ण. मधलं आणि वरचं बंद, घरी होतं तस्संच.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. ड्रम वाजला, कीबोर्ड वाजला, भाऊजी गायले. आणि बेस? बेसचा नुसता धूर झाला. हॉलभर एक जाडसर घुमारा पसरला, त्यात ना सूर कळे ना ठोका. खिडक्यांची तावदानं थडथडायला लागली.

भाऊजींनी हात वर करून गाणं थांबवलं. "वहिनी, हे काय? बाहेर ट्रक उभा केलाय का कोणी?"

"घरी तर किती छान वाजत होता!"

"मग घरीच वाजवा! मास्तर, रविवारची गाणी डाव्या हातानं बसवून ठेवा." आणि फोन कानाला लावून भाऊजी तरातरा बाहेर गेले.

मास्तर खजील होऊन स्वतःच्या डाव्या हाताकडे बघायला लागले, जणू त्या हातानंच काही चोरलं होतं.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांना रडायला फुरसत नव्हती. त्यांनी बेकरीवाल्याला विचारलं, "लांब वायर आहे का रे?"

"आहे की."

ती लांब वायर गिटारला जोडून वहिनी वाजवत वाजवत चालायला लागल्या. स्टेजवरून खाली, खुर्च्यांमधून, पार शेवटच्या रांगेच्या मागे, दारापाशी. इतकी वर्षं वाजवलं, पण हॉलच्या त्या टोकाला उभं राहून स्वतःला ऐकलं नव्हतं कधी. आज ऐकलं. आणि खरंच, ट्रक उभा होता.

त्या थबकल्या. मग एकदम मान हलवली. लाँड्रीत नवीन बाई कामाला आली की हेच करते. एकाच मशीनमध्ये सगळ्या चादरी कोंबते, दार दाबून लावते, आणि मग एकही चादर धड धुतली जात नाही. फिरायला जागाच नसते ना आत!

"अरे बेकरीवाल्या!" त्या हॉलच्या टोकावरून ओरडल्या. "खालचं बटण कमी कर! अजून! अजून रे, भितोस काय!"

"वहिनी, जीव जाईल त्याचा!"

"जाऊ दे! आता मधलं वाढव!"

वहिनींनी तार ओढली. धूर जरा विरळला.

"आता पेटी भिंतीपासून पुढे ओढा! मास्तर, तो डावा हात लावा की जरा, रिकामाच असतो म्हणे!"

मास्तर हसले आणि धावले. पेटी पुढे आली. घुमारा आणखी ओसरला, पण जमीन अजून गुरगुरत होती.

"वर उचला तिला! जमिनीचा नि तिचा संबंधच नको!"

बेकरीवाल्याच्या गाडीत पावांचे क्रेट होते. दोन क्रेट पालथे घातले, त्यावर पेटी चढवली. बेकरीवाला पळत जाऊन ड्रमवर बसला, मास्तरांनी कीबोर्ड धरला आणि वहिनींनी दारापाशी उभं राहून तार छेडली.

आला! अहो, आला! गोल, टणक, आखीव सूर, अख्ख्या हॉलमधून चालत चालत त्यांच्यापर्यंत आला, जसा कुणी पाहुणा नावानं हाक मारत यावा. ड्रमचा ठोका पडला की त्याच्या पाठीवर बसून बेस पुढे जायचा. मास्तरांचे सूर त्याच्यावर अल्लद उभे राहायचे. वहिनींना हसू आवरेना. त्या दारातच गिरकी घ्यायला गेल्या आणि वायरीत गुंडाळल्या गेल्या. बेकरीवाला वाजवता वाजवता ओरडत होता, "वहिनी, हे मी वाजवतोय का? मी एवढं चांगलं कधीपासून वाजवायला लागलो?"

भाऊजी फोन संपवून आत आले आणि दारातच उभे राहिले. त्यांचे पाय त्यांच्या नकळत ठेका धरायला लागले होते. ते लक्षात आल्यावर त्यांनी पाय थांबवले.

"हं," ते म्हणाले. "रिकामा हॉल आहे. भरल्या हॉलमध्ये असाच ऐकू आला तर बोलू."

वहिनींना तेवढं पुरे होतं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी पेटी घरी आणून स्टुलावर ठेवली. बटणं जिथं होती तिथंच. आणि वाजवायला लागल्या. एकटा वाजला की हा सूर किती रुक्ष! रिकामा डबा बडवल्यासारखा. शेजारणीची भांडी फळीवर गप्प बसून राहिली. वरच्या आजोबांनी निरोप पाठवला, "यंत्र बिघडलं का?"

दादा नेहमीसारखे खुर्चीत येऊन बसले. पाय टेकवले. वाट बघितली. पाय उचलून तळवे चोळले, परत टेकवले.

"बंद आहे का गं?"

वहिनी त्यांच्या कानाशी वाकल्या. "चालू आहे!"

"मग माझे पाय झोपलेत वाटतं."

"खालचं कमी केलंय!"

"कशाला?"

"सगळ्यांना ऐकू यावं म्हणून!"

दादांनी मान डोलावली. मग विचारलं, "आणि मला?"

वहिनी फडक्यानं तार पुसायला लागल्या. दादांनीच मग हात झटकला. "वाजव, वाजव. उद्या त्या धाकट्याची जिरवायची आहे आपल्याला." आणि मोजे घातले.

रविवारी हॉल नुसता ओसंडून वाहत होता. लहान पोरं, म्हातारे, नटूनथटून आलेल्या बायका, नवीन बूट घालून लंगडणारे पुरुष. दादा पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पेटी क्रेटवर, भिंतीपासून पुढे. भरल्या हॉलमध्ये माणसांचे कपडेच निम्मा आवाज पिऊन टाकतात, हे चादरी धुणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. पहिलं गाणं सुरू झालं तसं वहिनींनी मधलं बटण अजून एक चिमूट वाढवलं.

आणि लोक उठले! एरवी दोन गाणी तोंडं बघत बसणारे लोक पहिल्याच गाण्याला उठले. पाय बरोबर पडायला लागले. शेवटच्या रांगेतला एक जाडजूड माणूस भिंतीला टेकून उभा होता, त्याची मान ठेक्यावर हलत होती. भाऊजींनी ते बघितलं. कडवं संपता संपता ते मास्तरांकडे वळून ओरडले, "मास्तर, डावा हात खिशात घाला!"

वहिनींना उडी मारावीशी वाटली. त्यांनी हसून पहिल्या रांगेकडे बघितलं.

दादा हसत होते, पण ते इतर लोक हसत होते म्हणून. बाजूला त्यांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. पाय फरशीवर दाबून ते नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत होते, आणि त्या पायांवरून गाणं कोणतं असेल याचा अंदाज बांधत होते.

वहिनींचा हात खालच्या बटणापाशी गेला. एकदा फिरवलं की झालं. सूर जमिनीत उतरेल, दादांपर्यंत पोहोचेल. आणि नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांवर पडतील, आणि मास्तरांचा डावा हात खिशातून बाहेर येईल. बोटं बटणावर क्षणभर थांबली. त्या नादात डाव्या हाताचं बोट घसरलं आणि एक सूर चुकीचा लागला. कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनींनी हात मागे घेतला आणि वाजवत राहिल्या.

दुसरं गाणं अर्ध्यात आलं तसे दादा उठले. नाचणाऱ्यांना हातानं बाजूला सारत, अनवाणीच, ते स्टेजच्या पायऱ्या चढले. भाऊजी गाता गाता डोळे वटारत होते, पण थोरल्या भावाला काय बोलणार? दादांनी बाजूची एक खुर्ची ओढली, पेटीला लावून ठेवली, आणि भिंतीला टेकावं तशी पेटीला सगळी पाठ टेकवून बसले.

डोळे मिटले. हळूहळू खांदे हलायला लागले.

गाणं संपलं. टाळ्या थांबल्या, आणि भाऊजी पुढच्या गाण्याचं नाव सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात दादा बोलले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कुठं कळतो! अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

"आता शेवटच्या कडव्यात रेंगाळलीस तू!"

हॉल खळखळून हसला. भाऊजींनी वळून बघितलं. "रेंगाळल्या? मला नाही कळलं."

"हो, रेंगाळले," वहिनी म्हणाल्या.

"दादा, खाली जाऊन बसतोस का जरा?" भाऊजींनी खुणेनं विचारलं. "लोक बघताहेत."

"बघू देत," वहिनी म्हणाल्या.

बेकरीवाल्यानं काठ्यांवर काठ्या आपटून पुढच्या गाण्याची लय दिली. वहिनींनी आपली वायर दादांच्या खुर्चीमागून फिरवून घेतली, त्यांच्या पायात येऊ नये म्हणून, आणि जाड तारेवर बोट ठेवलं.