देवघरातलं कार्ड

सत्यम गेल्यावर त्याच्या वस्तूंना आपापल्या जागा सापडल्या. कपडे गावाकडं गेले, वैजापूरजवळ मेंढरं राखणाऱ्या आप्पाच्या पोरांना. लॅपटॉप कपाटात गेला. आणि ग्राफिक्स कार्ड देवघरात गेलं.

हे तिसरं कसं झालं ते आधी सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा रामप्रसाद आणि वच्छलाबाईला खुळ्यात काढेल. सत्यम त्यांचा एकुलता एक. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी करायचा आणि गारखेड्यातल्या घरी आला की लॅपटॉपवर गेम बनवायचा. खेळायचा नाही, बनवायचा. हा फरक तो बापाला दर वेळी सांगायचा आणि बाप दर वेळी विसरायचा. लॅपटॉप जुना, त्याला मोठी चित्रं झेपेनात. मग पोरानं मोठ्या कॉम्प्युटरचं वापरलेलं कार्ड आणलं आणि ते बाहेरूनच जोडलं. लॅपटॉपचं पोट उघडं, त्यातून एक चपटी वायर बाहेर आलेली, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर उभं केलेलं विटेएवढं ते धूड. त्याला दोन पंखे आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची पट्टी. "सलाइन लावल्यागत दिसतंय रं," वच्छलाबाई म्हणायची. पण पंख्यांची घरघर कानावर आली की पोरगं घरात आहे, जागं आहे, एवढं तिला कळायचं आणि ती निवांत झोपायची.

मग तापाचं निमित्त झालं आणि सत्यम गेला. लग्न व्हायचं राहिलं होतं. असं अर्ध्यावर माणूस गेलं की त्याच्या नावाचा चांदीचा टाक करून देवात बसवायचा, ही त्यांच्या घरची रीत. टाक म्हणजे बोटभर चांदीचा पत्रा, त्यावर गेलेल्या माणसाची आकृती उठवलेली. आकृती काढायला सोनारानं फोटो मागितला. वच्छलाबाईला एकही फोटो पटेना. एकात डोळे बारीक, दुसऱ्यात हसू उसनं. "तवर हेच बसू द्या," म्हणत तिनं टेबलावरचं कार्ड उचललं आणि आज्या-पणज्यांच्या टाकांशेजारी नेऊन ठेवलं.

देवात बसवलं की देवाचं सगळं करावं लागतं. अमावास्येला टाकांना दुधापाण्यानं अंघोळ, मऊ जुन्या लुगड्याच्या पदरानं पुसणं, मग हळदकुंकू. कार्डालाही तेच सगळं. रामप्रसादनं हे कितीदा तरी पाहिलं होतं. तो कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर संशय घेणं हे त्याचं काम. पण इथं त्याच्या मनात काही आलं नाही. आई पोराला न्हाऊ घालते, त्यात काय मनात यायचं?

दुसरं वर्षश्राद्ध झालं तरी टाक काही होईना. लॅपटॉपमध्ये तरी एखादा बरा फोटो सापडेल म्हणून रामप्रसादनं तो कपाटातून काढला. पिन त्याला ठाऊक होता; घराचा नंबरच सत्यमनं पिन म्हणून ठेवला होता. फोटो सापडला नाही. सापडलं एक चिन्ह, मेंढीच्या तोंडाचं, आणि त्याखाली नाव : आई.

त्यानं ते दाबलं. काळी चौकट उघडली, तिच्यात इंग्रजीची एक ओळ आली आणि चौकट मिटली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

त्यानं वच्छलाबाईला हाक मारली. चिन्ह बघून ती खालीच बसली. तिला सगळं आठवलं. सत्यमनं एकदा तिला गच्चीवर नेलं होतं आणि मोबाइल तोंडापुढं धरून म्हणाला होता, "आये, गावाकडं मेंढरांना हाळी घालायचीस तशी घाल." तिनं आधी लाजून घेतलं आणि मग अशी हाळी घातली, की शेजारची केसरबाई खिडकीत येऊन विचारायला लागली, काय झालं म्हणून. गेममध्ये एक धनगरीण होती, डोंगराडोंगरानं मेंढरं घेऊन हिंडणारी. तिला तो आवाज द्यायचा होता. "बघू की," ती म्हणाली, तर पोरगं म्हणालं, पुरा झाल्याशिवाय दाखवणार नाही.

"मला ते एकदा बघायचंय," वच्छलाबाई म्हणाली. "ते बघितलं की मिटलं. मग सोनाराला कुठला बी फोटो द्या, म्या नाय म्हणणार नाय."

दोन वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट होती. जेवायला वाढलं तर जेवायची, चल म्हटलं तर चालायची, पण आपणहून काही मागायची नाही. रामप्रसाद त्याच संध्याकाळी सूतगिरणी चौकात तौफिककडं गेला. तौफिकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि सत्यमला ते कार्ड त्यानंच मिळवून दिलं होतं. त्यानं इंग्रजी ओळ वाचली आणि सांगितलं, कार्ड जोडल्याशिवाय हा गेम उघडणार नाही.

"कार्ड हाय का, काका?"

"हाय की. देवापाशी हाय, एकदम नीट."

देवापाशी म्हटल्यावर कुणी आणखी काय विचारणार?

रविवारी सकाळी तौफिक पिशवी घेऊन घरी आला. नेमका त्याच दिवशी नळाला पाणी येणार होतं. आपल्या शहरात आठ-आठ दिवसांनी ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशी माणूस मयतीलासुद्धा जरा उशिरा जातो. पण वच्छलाबाईनं पिंप रिकामंच ठेवलं होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती टेबलाशी खुर्ची ओढून बसली होती. रामप्रसादला तिच्याकडं बघवेना, इतका आनंद तिच्या तोंडावर होता.

"काकू, कार्ड तुम्हीच आणा," तौफिक म्हणाला. "माझे पाय त्या खोलीत नक्को."

"ये की रं, त्यात काय. तुझ्या दोस्ताचंच हाय." पण तो दारातच थांबला, तेव्हा तीच घेऊन आली. तौफिकनं कार्ड हातात घेऊन फिरवून पाहिलं. कुठं धुळीचा कण नव्हता. "क्या बात है! असलं साफ कार्ड माझ्या दुकानात बी नाय. आत एकदा बघून घेतो, वरचं झाकण काढतो."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला तशी वच्छलाबाई म्हणाली, "नको. ते उघडायचं नाय. टाक कुणी उघडून बघतं व्हय?"

तौफिकनं रामप्रसादकडं पाहिलं. रामप्रसादनं मान हलवली, राहू दे म्हणून. पोरगा समजूतदार, त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

मग जोडाजोड सुरू झाली. त्यानं लॅपटॉपची पाठ उघडली, आतली वायफायची चकती काढली आणि तिच्या जागी चपटी वायर खोचली. दुसऱ्या टोकाला सत्यमच्याच बॅगेतला, कार्ड खोचायचा छोटा पाट, त्या पाटावर कार्ड. कार्डाला वीज द्यायला दुकानातून आणलेला पॉवर सप्लायचा डबा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी पिन बसेना, मग एक्स्टेन्शन बोर्डच्या बटणानं दगा दिला म्हणून दुसरा बोर्ड केसरबाईकडून आणावा लागला. हात चालवता चालवता तौफिक समजावून सांगत होता, "आधी कार्डाला दाणापाणी, मग लॅपटॉपला उठवायचं. उलटं केलं तर हे त्याला वळखत नाय."

सगळं जोडून झाल्यावर तो थांबला. "काका, एक करू. आधी या गेमची कॉपी माझ्या डिस्कवर घेतो. जुनी मशीन हाय, भरोसा नाय. कार्ड काढून ठेवतो आणि कॉपी लावतो."

"किती येळ?"

"लई मोठा हाय गेम. दुपार होईल."

रामप्रसादनं बायकोकडं पाहिलं. ती खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसली होती, हात मांडीवर, डोळे काळ्या पडद्यावर. बाहेर नळाचं पाणी आलं होतं, गल्लीत बादल्यांचा खडखडाट चालला होता, तिला ते ऐकूही येत नव्हतं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये, हे त्यानं स्वतः सत्यमला शंभरदा ऐकवलं असेल. पण शहाणपण दुसऱ्याला सांगायचं असतं.

"एकदा बघू दे तिला," तो म्हणाला. "मग कर कॉपी."

तौफिकनं डब्याचं बटण दाबलं.

पंखे फिरले. तीच घरघर, तशीच, थोडी खरखरती. वच्छलाबाईनं डोळे मिटले आणि ऐकत राहिली. दोन वर्षांनी घरात कुणीतरी जागं झाल्यासारखं रामप्रसादला वाटलं, आणि असं वाटण्यात शहाणपण नाही हे माहीत असून त्यानं ते वाटू दिलं.

लॅपटॉप सुरू झाला. पिन रामप्रसादनं घातला. कोपऱ्यात एक खूण उमटली तसा तौफिक ओरडला, "वळखलं! कार्ड वळखलं, काकू!" त्यानं मेंढीच्या तोंडावर बोट दाबलं. काळी चौकट उघडली, पण या वेळी मिटली नाही. पंख्यांचा वेग वाढला. चौकट काळीच होती, आणि त्या काळ्यातून आवाज आला.

"ह्येऽऽ हुर्रर्र..."

वच्छलाबाईची हाळी. भरदार, मोकळी, दोन वर्षांपूर्वीच्या बाईची. खुर्चीवरच्या वच्छलाबाईच्या तोंडून हसू फुटलं, लहान पोरीचं फुटावं तसं.

हाळी मधेच तुटली. पडदा विझला. पंखे अडखळले, थांबले. एक बारीक ठिणगी उडाल्याचा आवाज झाला आणि वास आला.

"आगं बया, दूध उतू गेलं वाटतं!" म्हणत वच्छलाबाई उठली आणि स्वयंपाकघरात धावली.

तौफिकनं झटक्यात प्लग ओढला. खोलीत करपलेल्या दुधाचा वास भरला होता. स्वयंपाकघरातून नव्हे, टेबलावरून. कार्डाच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघत होती. तौफिकनं पटापट स्क्रू काढून झाकण उचललं. आत सोनेरी दातांच्या मुळाशी, तारांच्या बारीक जाळ्यात, पंख्यांच्या खाली पिवळट पांढरी खरपुडी जमली होती. तिच्यात हळद होती, कुंकू होतं, अक्षतेचा एक दाणा होता. दर अमावास्येचा थर दुसऱ्यावर वाळत गेला होता. जिथं वीज जायला नको तिथं त्या खरपुडीनं वाट करून दिली होती, आणि वीज चपट्या वायरीतून थेट लॅपटॉपात शिरली होती.

तौफिकनं वर पाहिलं. रामप्रसादला सगळं कळलं. कळायला त्याला इंग्रजी लागलं नाही.

"गॅस तर बंदच हाय," वच्छलाबाई आतून म्हणाली.

तौफिकनं आवाज न करता, घाईघाईनं लॅपटॉपचं बटण दाबून पाहिलं, चार्जर काढून लावून पाहिला. काही नाही. मग त्यानं डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. डिस्क शाबूत होती, पण कुलूपबंद. तिनं लांबलचक आकड्यांची किल्ली मागितली. ती किल्ली त्या मेलेल्या लॅपटॉपच्या पोटात होती, नाहीतर सत्यमच्या मेलवर; आणि मेल उघडायचा तर कोड सत्यमच्या नंबरावर जाणार. तो नंबर रामप्रसादनंच बंद केला होता. तरी त्यानं वेड्या आशेनं तो फिरवला. "हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडून कुणीतरी बाई म्हणाली; नंबर दुसऱ्याच कुणाला तरी मिळाला होता. रामप्रसादनं फोन ठेवला.

वच्छलाबाई दारात येऊन उभी राहिली होती. "काय झालं?"

रामप्रसादला वाटलं, सांगून टाकावं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला तिचे हात दिसले. बोटांना सकाळच्या पूजेची हळद होती. काल अमावास्या होती.

"जुनं झालं व्हतं कार्ड," तो म्हणाला.

तौफिकनं झाकण हळूच परत बसवलं आणि ते आपल्या तळहातानं झाकून धरलं. "हौ, काकू," तो म्हणाला. "मालच जुना होता. मीच दिलता त्याला. माफ करा." उरलेलं सामान पिशवीत कोंबून, चहा न घेता तो गेला.

"आवाज तर ऐकला," वच्छलाबाई म्हणाली. पुन्हा म्हणाली, "माझाच की, पण ऐकला." मग ती रडली नाही. तिनं नुसतं टेबलावरचं कार्ड उचलून पोटाशी धरलं. "आता फोटोचं ऱ्हाऊ द्या. सोनाराला सांगू नका काही. बघायचं ऱ्हायलंच ना माझं."

रामप्रसादनं मान हलवली. आता टाक कधीच होणार नव्हता, हे त्याला समजलं.

गल्लीतलं पाणी जायला आलं होतं. पिंप भरायला हवं होतं, पण तो टेबलाशीच बसून राहिला. वच्छलाबाई देवघरात गेली. ताम्हण मांडल्याचा आवाज आला.

"आवं," ती आतून म्हणाली, "काळं पडलंय बघा एका अंगानं. धुवून घेते. पातेल्यातलं वाटीभर दूध द्या जरा."

रामप्रसाद उठला. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं वाटी भरली, देवघरात नेऊन तिच्या हातात दिली, आणि ती सोनेरी दातांवरून, पंख्यांवरून, बोटांनी चोळत चोळत दूध सोडत होती तोवर शेजारी बसून राहिला. आता धुवायला काही हरकत नव्हती.